वळणावरची थाळी

तारीख ११ डिसेंबर. पहाटेपासून दाट धुकं. वारा अजिबात नाही. पाणी कालच्याइतकंच.

त्या दिवशी सकाळी मी एवढंच लिहिलं होतं. तलावाची पातळी पाहून कचेरीला कळवायची, हे माझं काम. आकड्याखाली हवेबद्दल दोन-चार ओळी लिहायची सवय आपसूक लागली. पुढचं सारं मात्र आज लिहितो आहे.

आमचं गाव म्हणजे तलावाच्या काठानं वाकलेली घरांची एकच रांग. मागं डोंगर, पुढं पाणी, आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. डावीकडे काठ कोपरासारखा वळतो, तिथं आईचं घर. उजव्या टोकाला बोटीचा धक्का. डोंगरात दगडाची खाण चालू होती तेव्हा या रांगेत पाय ठेवायला जागा नसायची. खाण बंद पडली, मग शाळा, मग दवाखाना. गेल्या शिरगणतीत आम्ही सदतीस भरलो. मोजणारा माणूस परत गेला आणि त्याच आठवड्यात आई गेली. घराला कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडे ठेवली.

धुक्यात बोट धक्क्याला कशी लावायची, याची गावाची एक पद्धत आहे. भोंग्याचा उपयोग नाही. तो समोरच्या कड्यावर आपटून चारी बाजूंनी ऐकू येतो. म्हणून बोट वळणाकडून काठाला धरून हळूहळू येते आणि काठावरची घरं तिला आवाज देतात. बोट समोर आली की त्या घरानं वाजवायचं, पुढं सरकली की थांबायचं, मग पुढच्या घरानं सुरू करायचं. बोटवाला आवाज मोजतो. आई होती तेव्हा तिची पितळी थाळी पहिली, आणि चार मोजून काठाकडे वळायचं. ती गेल्यापासून तीन. पहिला सुताराचा डबा, दुसरी मास्तरांची घंटा, शाळा बंद झाली तेव्हा त्यांनी घरी आणलेली, आणि तिसरं दुकानवाल्या बाईंचं पातेलं. पातेलं थांबलं की वळायचं, समोर धक्का. त्याआधी वळलं तर मास्तरांच्या घरासमोर खाणीचे टाकलेले दगड आहेत, पाण्याखाली वीतभर.

बोट माझ्या धाकट्या भावाची. जेवणं आटोपल्यावर मी धक्क्यावर गेलो तर त्याची बायको आधीच येऊन उभी होती.

"नर्सबाईंना आणायला गेलेत," ती म्हणाली. "आज सुयांचा दिवस ना. मी म्हटलं, धुकं निवळू दे. तर म्हणाले, दे की चहा, अर्धा कप चालेल."

मी हसलो. इंजिनाशेजारी बसून बसून धाकट्याचे कान गेले होते.

"मग आवाज कोण मोजणार?"

"नर्सबाई. त्या बोटं दाखवतात, हे वळवतात. मागच्या खेपेलाही तसंच केलं. त्या म्हणाल्या, तुमच्या नवऱ्यापेक्षा माझे पेशंट बरे, निदान विचारलं तर उत्तर देतात."

दूर इंजिनाचा आवाज आला. धुक्यात तो कापसात गुंडाळल्यासारखा वाटत होता. पाण्याला ओल्या राखेचा वास होता. आम्ही दोघंही गप्प झालो, कारण आता सुताराचा डबा वाजायचा होता.

डबा वाजला नाही. त्याच्याही पलीकडून, वळणावरून, पितळी थाळी वाजली.

दोन ठोके, जरा थांबून एक. पुन्हा दोन, पुन्हा एक. उलथन्याच्या दांड्यानं वाजवल्यासारखे, घाईचे.

धाकट्याच्या बायकोनं माझी बाही धरली. "भाऊजी… ते घर तर…"

"हो."

"मग कोण…"

थाळी थांबली. लगेच सुताराचा डबा सुरू झाला. माझं लक्ष आईच्या आठवणीकडे नव्हतं, मोजणीकडे होतं. नर्सबाई परगावच्या. त्यांना थाळी काय, डबा काय, सारखंच. त्यांनी एक बोट दाखवलं असेल. आता दुसरं. मास्तरांची घंटा वाजली की तिसरं, आणि धाकटा वळणार.

मी पळालो. दुकान मागं पडलं. त्यापुढं नुसती बंद दारं, एकामागून एक. डबा अजून वाजत होता. मास्तर पायरीवर उभे होते, एका हातात घंटा, दुसऱ्या हातात लाकडी ठोकळा.

"मास्तर, वाजवू नका!"

"अरे, तुझा भाऊ आहे ना पाण्यावर?"

"त्याच्यासाठीच सांगतोय. एक आवाज जास्त झालाय. तुम्ही गप्प राहिलात तर मोजणी बरोबर येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी ऐकलं ते… मला वाटलं, कानाचा दोष."

मी त्यांच्या हातातून ठोकळा काढून घेतला. डबा थांबला. बोट आता अगदी आमच्यासमोर होती. दिसत नव्हती, पण इंजिनाची धडधड पायरीच्या दगडात जाणवत होती. आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. एवढं अंतर शांत गेलं की झालं. मग पातेलं, मग धक्का.

आणि थाळी वाजली.

वळणावर नाही. आमच्या खालच्याच पायरीवर, पाण्याला टेकलेल्या. हात पुढं केला असता तर लागली असती. दोन ठोके, एक. तिथं कुणी नव्हतं. नुसतं धुकं होतं, आणि त्यात आईच्या डोक्याच्या तेलाचा वास.

"कुणाचं दार गप्प राहिलेलं तिला खपायचं नाही," मास्तर पुटपुटले. "मी आजारी होतो तेव्हा… इथंच उभी राहून वाजवायची."

"आई," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "आई, थांब. तो मोजतोय गं… तू थांब."

ती थांबली.

लगेच थांबली, नेहमीसारखी, कुणी रागावलं की थांबायची तशी. मग इंजिनाचा सूर बदलला. तो बदल मी जन्मभर ऐकत आलो आहे. धाकटा वळत होता.

मी पाण्यात छातीपर्यंत शिरलो. "वळू नको! मागं घे! बाई, त्याला सांगा!" माझा आवाज कड्यावर जाऊन परत आला, दोनदा, तीनदा, सगळीकडून. नंतर नर्सबाई म्हणाल्या, "तुमची हाक ऐकली हो मी. वाटलं, इकडे या म्हणताय."

लाकूड दगडावर घासल्याचा आवाज फार मोठा नव्हता. इंजिन थोडा वेळ चालू राहिलं, मग पाण्यात बुडबुडलं.

सुतार आणि मी नर्सबाईंना ओढून बाहेर काढलं. त्यांचा डावा हात मोडला होता. त्या उजव्या हाताची तीन बोटं तशीच ताठ धरून बसल्या होत्या, आणि धावत आलेल्या धाकट्याच्या बायकोकडे पाहून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "तीनच होते हो. मी नीट मोजले."

धाकटा सापडला नाही. अंधार पडेपर्यंत पायरीवर उभं राहून ती नवऱ्याला हाका मारत होती, त्याला ऐकू यावं म्हणून मारायची तशा, घसा फोडून. मास्तरांनी तिला आत नेलं.

१२ डिसेंबर. धुकं निवळलं. पाणी कालच्याइतकंच. बोट दगडांवर मिळाली, तळाला भोक. सकाळभर आम्ही गळ टाकून दगडांच्या आसपास शोधलं. दुपारी सुताराला वळणावरच्या घराच्या खिडकीतून कुणीतरी निजलेलं दिसलं. कुलूप बाहेरून तसंच होतं. माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. धाकटा आईच्या खाटेवर होता. प्राण गेलेला. छातीत पाणी भरलं होतं, असं डॉक्टरांनी लिहिलं. कपडे ओले होते. केस पुसून कोरडे केलेले होते.