राखून ठेवलेला व्हय

मे महिन्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात नोकरी करणाऱ्या सगळ्या मालवणकरांना एकाच दिवशी घराची ओढ लागते, आणि ते सगळे एकाच गाडीत कोंबून बसतात. बासष्ट सालच्या त्या दिवशी मुलींच्या शाळेतली मास्तरीण विमला त्याच गाडीत होती. पायाखाली ट्रंक, मांडीवर वळकटी आणि खांद्यावर यमुनाआत्याचं डोकं. ही आत्या कोल्हापुरात तिच्या सोबतीला राहायची. गगनबावड्याचा घाट सुरू झाल्यापासून ती डोळे मिटून "रामेश्वरा, रामेश्वरा" करत होती आणि मधूनच विमलाला ओलांडून खिडकीकडे झेपावत होती.

तिसऱ्या झेपेनंतर मागच्या बाकावरून एक हात पुढे आला. हातात लिंबू, आणि नखांत निळा रंग.

"हुंगायला द्या त्यांना... बरं वाटेल."

विमलाने वळून पाहिलं. कुरळ्या केसांवर घाटातली धूळ बसलेली, आणि तरी गडी हसत होता. एवढ्या गर्दीत, एवढ्या उकाड्यात माणसाला हसू येतं कसं, याचाच तिला राग आला.

"आभारी आहे," ती वर्गात बोलावं तसं म्हणाली. तिची शिस्त अजून सुट्टीवर गेली नव्हती.

घाट उतरून तळेऱ्याच्या तिठ्यावर येतात न येतात तोच गाडीने राम म्हटला. ड्रायव्हरने इंजिनात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि "पट्टो तुटलो" एवढंच सांगून बिडी पेटवली. नवा पट्टा आणायला कंडक्टर एका ट्रकवर चढून कणकवलीला गेला. सगळी गाडी वडाच्या सावलीत रिकामी झाली. कुणाला भाच्याची हळद गाठायची होती, कुणाचा फणस पिकत चालला होता. त्यात एका पाटीतली कोंबडी सुटली आणि तिच्यामागे अर्धी गाडी धावली. आत्या मात्र लिंबू नाकाशी धरून आडवी झाली होती.

शेवटी लाल मुंडाशाचे दाजी उठले. दाजी मालवणचे, गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे केलेली मागणी. एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून तिला साथ द्यायची. एकदा व्हय म्हटलं की ती मागणी आपली झाली, मग माघार नाही.

दाजींनी पिशवीतला नारळ दोन्ही हातांत धरला. "बा देवा रामेश्वरा, आज ही तुझी लेकरां ह्या तिठ्यार अडकान पडली आसत रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"हेंची गाडी सुरू कर, दिवस बुडायच्या आत सगळ्यांका घराक पोचव. तुझो नारळ मी मालवणात उतरल्याबरोबर फोडतंय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

आडव्या पडलेल्या आत्यानेसुद्धा व्हय म्हटलं. विमलाचे ओठ मात्र मिटलेलेच राहिले.

"एक व्हय कमी पडला," शेजारून आवाज आला. तोच, लिंबूवाला. हातात पानांचा द्रोण, त्यात काळीभोर करवंदं.

"तुम्ही लोकांच्या तोंडांवर लक्ष ठेवता वाटतं."

"लोकांच्या नाही..." तो म्हणाला, आणि पुढचं गिळून टाकलं. "आता गाडी सुरू झाली नाही तर दोष कुणाचा?"

"पट्ट्याचा."

तो मोकळेपणाने हसला. नाव सांगितलं गुरुदास, गाव देवबाग. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत तो नायक-नायिकांच्या मागचे पडदे रंगवायचा. बहुतेक समुद्रच.

"कोल्हापुरात बसून समुद्र?" विमलाला राहवेना. "म्हणून नखं निळी होय... आणि समुद्रापुढे कोण उभं राहतं?"

"ते डायरेक्टर ठरवतात. मला कुणी विचारलं असतं तर—"

"तर?"

"—तर म्हटलं असतं, एखादी रागावलेली मास्तरीण उभी करा. समुद्र एकदम खरा वाटेल."

विमलाने पदर सारखा केला. काही गरज नव्हती, पदर जागच्या जागीच होता.

गुरुदासने द्रोणातलं एक करवंद तिच्यापुढे धरलं. "कोंबडो की कोंबडी?"

हा खेळ न खेळलेलं पोर त्या मुलखात सापडायचं नाही. करवंद फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. आणि हरणाऱ्याने विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं.

"कोंबडी," ती बोलून गेली.

त्याने करवंद फोडलं. लालभडक.

"सांगा आता... व्हय कित्याक नाय म्हटलास?"

सकाळपासून जपलेली विमलाची शाळेची भाषा तिच्याही नकळत गळून पडली.

"फाल्यां माका बघूक येतले आसत," ती म्हणाली. "मुंबयचो मुलगो. शाळा सोडूक व्हयी, ही तेंची पयली अट. बाबा म्हणतत, पसंत पडलंस तर नाय कसा म्हणाचा? म्हणान माका वाटता, गाडी हयच ऱ्हवलेली बरी."

गुरुदासचं हसू पहिल्यांदा मावळलं. द्रोणातली करवंदं त्याने उगाचच इकडून तिकडे केली.

"मगे तुमचो व्हय राखून ठेवा," तो हळूच म्हणाला. "मनापासून मागूचासा वाटात... तेवाच काढा."

एवढंच बोलून तो आत्यासाठी पाणी आणायला गेला. तुला काय हवंय, तुझं म्हणणं काय आहे, हे गेल्या वर्षभरात तिला कुणी विचारलं नव्हतं. या माणसाने एका करवंदावर विचारलं. विमलाला तो आवडला, आणि आवडला हे तिने स्वतःशी कबूलही केलं.

उन्हं कलता कलता कंडक्टर पट्टा घेऊन आला. गाडी सुरू झाली, सगळ्यांनी दाजींना नमस्कार केले. विमलाला मात्र मघाशी उद्याच्या धास्तीने गाडी थांबावी असं वाटत होतं; आता कारण बदललं होतं, आणि ते कारण मागच्याच बाकावर बसलं होतं. कसाल मागे पडलं. वाऱ्याला खारा वास येऊ लागला.

मालवणात उतरले तेव्हा दिवस बुडायला टेकला होता. विमलाचे वडील, तुकाराम, ट्रंक न्यायला येऊन थांबले होते. पण दाजी कुणालाच हलू देईनात. देवाने शब्द पाळला, आता नारळ फुटल्याशिवाय कुणी जायचं नाही. सगळे भोवती जमले. तेवढ्यात गुरुदास पुढे झाला आणि दाजींच्या कानाशी लागला. दाजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नारळाकडे, आणि मान डोलावली.

"बा देवा रामेश्वरा, सगळ्यांका सुखरूप हाडलंस रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आणि म्हाराजा, हो देवबागचो गुरुदास. आज वाटेत हेच्या मनात एक चेडू भरला. तेका आपली शाळा सोडूची नाय, आणि ती सोडूक लावचो असो हेचोय विचार नाय. तेच्या मनात तसाच काय आसला, तर थोरामोठ्यांका बरी बुद्धी दी, आणि दोघांचा गोड करून घे रे म्हाराजा..."

कुणीच काही बोलेना. ती मुलगी कोण ते ठाऊक नसताना व्हय म्हणायचं कुणी? दाजी नारळ उचलून थांबले. दिवसभर हसणारा गुरुदास आता पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. तिच्याकडे तो बघतही नव्हता. बघितलं असतं तर नाव फुटलं असतं, आणि नाही म्हणायची वाट बंद झाली असती. विमलाला ते कळलं. शेजारी वडील उभे होते. पण शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा, हे तिला रोजच्या सवयीने येत होतं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

क्षणभराने सगळी गाडी एका सुरात व्हय म्हणाली, आणि त्यात आत्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता. नारळ फुटला.

तुकारामांनी लेकीकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. "कोणाचो रे तू?"

"हरिश्चंद्राचो झील."

"हरिश्चंद्राचो?" तुकारामांनी कपाळावर हात मारला. "तेची नि माझी जाळी दर वर्साक दर्यात एकमेकांत अडकतत. आता पोरांनीय तोच धंदो मांडल्यानी."

"चेडवान देवासमोर व्हय म्हटला हा, तुकाराम," आत्या म्हणाली. घाटातली तिची सगळी मरगळ कुठल्या कुठे गेली होती. "आता तेका खोटा पाडतलंस?"

तुकारामांनी दाढी खाजवली. "फाल्याच्या पावण्यांका मी काय ता सांगतंय," ते शेवटी म्हणाले. "तू परवा बापाशीक घेवन ये. आणि येताना जाळ्यांचा भांडाण घराकच ठेव म्हणान सांग तेका."

आणि ते ट्रंक खांद्यावर घेऊन पुढे निघाले. मुद्दामच जरा लांब लांब ढांगा टाकत.

गुरुदास जवळ आला. द्रोणात एकच करवंद उरलं होतं.

"कोंबडो की—"

विमलाने ते न फोडताच तोंडात टाकलं.

"आता हरलंय तरी चलात," ती म्हणाली.