दिवा लागला की थाप

दादाचा ट्रेलर त्या दुपारीच तळ्यावर पोचवायचा, असं धाकट्याने ठरवून टाकलं होतं. दोन कयाक, चार वल्ही आणि लाइफ जॅकेटांची पेटी, एवढंच मावेल असा बुटका ट्रेलर. त्यांच्या छोट्याशा गाडीमागे तो लावला की शेजारी म्हणायचे, उंदराला नांगराला जुंपलंय. दादा नुसता हसायचा. त्याच तळ्यात उलटलेल्या कयाकमधल्या पोराला त्याने बाहेर काढलं आणि स्वतः आतच राहिला. त्याला अजून महिनाही झाला नव्हता. आई रोज उठून ट्रेलर पुसायची, तापात पडलेल्या लेकराचं अंग पुसावं तसा. धाकट्याला ते बघवत नव्हतं. तळ्यावरच्या क्लबवाल्याला देऊन टाकला की सुटलो, असं त्याला वाटत होतं.

बाहेर धुकं उतरलं होतं. आई म्हणाली, उद्या जा. पण ऐकेल तर तो धाकटा कसला. मग वहिनी दारात येऊन हळूच म्हणाली, "भावजी, निदान दिवे तरी बघून घ्या. मी उभी राहते मागे."

"नको."

मागे उभं राहणं हे दादाचं काम. धाकट्याने गाडीत बसून डावा दिवा लावायचा, दादाने ट्रेलरच्या पत्र्यावर थाप मारायची. उजवा, थाप. ब्रेक, थाप. दिवा लागला नाही तर थाप नाही. सगळं झालं की दादा बाजूच्या सीटवर येऊन बसायचा आणि पट्टा काही लावायचा नाही. गाडी टुंग टुंग करून डोकं उठवायची, धाकटा ओरडायचा, तेव्हा कुठे लावायचा. ती जागा वहिनीलाही द्यायची नव्हती. तो दिवे न बघताच निघाला.

घाटात धुकं दाटलं. आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला, आधी थोडा, मग गाडीलाच ओढून नेईल इतका. त्याने कडेला गाडी घेतली. घाईत दोर नीट आवळला नव्हता. कयाक मागे सरकून सगळा भार शेपटाकडे गेला होता. त्या पुढे ओढून त्याने दोर करकचून बांधला. कुठेतरी पानांवरून पाणी ठिबकत होतं. वास मात्र पानांचा नव्हता. तळ्यातल्या गाळाचा होता.

गाडीत बसल्यावर हात सवयीने गेला. डावा.

थाप.

फांदी पडली असेल. त्याने उजवा लावला.

थाप. उघड्या पंजाची.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. काहीच नाही. पुन्हा दाबला, दाबून धरला. मागे सगळं गप्प.

मग त्याला कळलं. एक वल्हं आणून त्याने सीट आणि ब्रेकच्या मध्ये अडकवलं आणि मागे गेला. कुणी नव्हतं. ब्रेकचा दिवा बंद होता. हुकापाशी वायरचा प्लग अर्धा सुटला होता, तो त्याने दाबून बसवला. मागचं धुकं लाल झालं.

थाप. त्याच्या डोळ्यांदेखत पत्रा थरथरला.

पाठोपाठ धुक्यातून एक ट्रक करकरत आला आणि ट्रेलरपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. तोही हादरला होता. "लाल दिसलं म्हणून वाचलास, बाबा," एवढंच म्हणाला आणि वळसा घालून निघून गेला.

ब्रेकवरचं वल्हं काढून ठेवून धाकटा गाडीत बसला. बराच वेळ किल्ली फिरवायचं धाडस झालं नाही. गाडी हलली तेव्हा आरशात न बघता तो म्हणाला, "दादा... मी हा देऊन टाकणार आहे. आईचं बघवत नाही रे."

टुंग. टुंग. टुंग.

बाजूची सीट रिकामी होती. आवाज थांबेना. तळ्याचा फाटा आला, धाकट्याला वळायचं सुचलंच नाही.

"पट्टा लाव ना, दादा..." त्याला रडू फुटलं. एका हाताने त्यानेच पट्टा ओढला. तो ओला लागला. बकलमध्ये अडकवला तसा आवाज बंद झाला.

पुढे उतार होता. त्याने ब्रेक दाबला. मागे ट्रेलर शहाण्यासारखा येत होता. बाजूचा पट्टा मात्र सीटला टेकलेला नव्हता. ब्रेकसरशी तो पुढे ताणला गेला, आणि मग हळूच मागे आला.