दादाची चाल सुधारतेय

सर, या, बसा. खुर्ची दिव्याजवळ ओढून घ्या, लाइट यायला अजून वेळ आहे. दादा आतल्या खोलीत आहे, वहिनी त्याच्यापाशी बसलीय. इतक्या लांबून तुम्ही त्याला तपासायला आलात तर तपासाच, पण आधी माझं सगळं ऐकून घ्या. आणि एक विनंती आहे. तो चालायला लागला तर त्याची नक्कल करून बघू नका. ठाऊक आहे मला, शिकवण तुमचीच आहे. पेशंटची चाल कळत नसेल तर त्याच्यासारखं चालून बघ, तुझं अंगच तुला कारण सांगेल. इतकी वर्षं मी तेच करत आले. या वेळी मात्र नको.

सुरुवात अगदी साधी झाली. मी डबा घरी विसरले होते आणि दादा तो द्यायला हॉस्पिटलात आला. आमचा फिजिओथेरपी विभाग तळमजल्याच्या टोकाला आहे आणि पुढं लांबलचक कॉरिडॉर. तिथं समोरून येणारं माणूस चेहरा दिसायच्या आधी चालीवरून ओळखू येतं. घोटा दुखणारा दुखऱ्या पायावर टेकतो न टेकतो तोच दुसऱ्यावर उडी घेतो, खुब्याचे स्नायू ढिले पडलेला बदकासारखा डुलतो, अर्धांगवायू झालेला पाय बाहेरून फिरवून आणतो. लांबूनच ओळखायचं आणि जवळ आल्यावर आपलं खरं झालं की खूश व्हायचं, हा माझा जुना खेळ. त्या दिवशी कुणीतरी डावीकडे झुकून, छोटी छोटी पावलं टाकत, मधेच थबकत येत होतं. मला काही केल्या ओळखता येईना. खिडकीच्या उजेडात आल्यावर बघते तर माझाच भाऊ, उजव्या हातात माझा डबा.

"पायाला काय झालं रे?"

"कुठं काय?"

"वाकडा चालतोयस."

"मी? मास्तरीणबाई, चष्मा लावा."

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणवत नव्हतं. मी त्याला आमच्या मोठ्या आरशासमोर चालवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

दादा वीजखात्यात वायरमन. खांबावर चढणाऱ्या माणसाला वाकडं चालून भागत नाही. साहेबांनी त्याला ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवलं, आणि ज्याला घरीसुद्धा कधी धड बसून जेवता आलं नाही तो दिवसभर पंख्याखाली बसून झुरायला लागला. बाबा गेल्यावर मला त्यानंच वाढवलं. माझी फी, माझी आजारपणं, माझे रुसवेफुगवे, सगळं त्यानं काढलं. त्यामुळं त्याला पुन्हा नीट पायावर उभं करायचं ते मीच, असं मी धरून चालले होते.

मी त्याला पालथा घालून तपासला. दोन्ही पायांची लांबी सारखी. खुब्यातली ताकद उत्तम, गुडघे साफ, पाठीत काही नाही, डोक्याचे फोटो स्वच्छ. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, मनाचं असेल. मला ते पटेना. तुम्ही सांगायचात, माणूस लंगडतो तेव्हा शरीर काहीतरी सांभाळत असतं, ते काय आहे ते शोध. मग मी कॉरिडॉर मोकळा होता तेव्हा त्याची चाल अंगावर घेऊन पाहिली. डावा खांदा खाली. डावा हात सरळ, शरीरापासून किंचित लांब, अजिबात न हलणारा, मूठ अर्धवट मिटलेली आणि एक बोट बाहेर. पावलं आखूड. मधेच थांबायचं. पण माझं अंग मला काहीच सांगेना. कुठलं दुखणं वाचत नव्हतं की कुठली कमजोरी झाकली जात नव्हती. नुसतंच अवघडल्यासारखं वाटत होतं.

कारण कळलं नाही तरी उपचार थांबत नाहीत. रोज सकाळी तो यायचा. दोन दांड्यांच्या मधून चालणं, आरसा, जमिनीवर चिकटपट्ट्या लावून पावलांचं अंतर, घोट्याला वाळूची वजनं बांधून पाय उचलणं. आणि सर, गुण यायला लागला! खांदा हळूहळू वर येऊ लागला. पाऊल लांब पडू लागलं. थबकणं कमी झालं, मग थांबलंच. वहिनीनं विभागात सगळ्यांना पेढे वाटले. मी शिकाऊ मुलींना दादाचे व्हिडिओ ओळीनं लावून दाखवायचे आणि वर ऐटीत म्हणायचे, बघा, चिकाटी कशाला म्हणतात. साहेबांनी त्याला पुन्हा खांबावरच्या कामावर घ्यायचं कबूल केलं.

मग एका दुपारी एक छोटी मुलगी आली. तीनेक वर्षांची, पायात नवीन पट्ट्यांचे बूट, त्यामुळं भेदरलेली. तिची आई केसपेपर काढायला गेली तशी ती रडवेली झाली. मी म्हटलं, चल, आपण फेरी मारू. तिनं माझ्या डाव्या हाताचं बोट धरलं आणि आम्ही कॉरिडॉरमध्ये निघालो.

माझा डावा खांदा खाली आला. हात सरळ झाला, हलेनासा झाला. पावलं तिच्या बेतानं आखूड पडू लागली. ती दमली की मी थबकत होते.

सर, माझ्या अंगानं तेव्हा कारण सांगितलं. दादाची चाल बिघडलेली नव्हतीच. बोट धरून कुणी लहान चालत असेल, तर ती अगदी बरोबर चाल होती.

मी त्या मुलीला तिच्या आईकडे दिलं आणि बाकावर बसले. स्वतःलाच हसायला आलं आधी. मग ते व्हिडिओ पुन्हा काढून बघितले. खांदा एकेका आठवड्यानं वर येतोय. कोपरात हात थोडा थोडा वाकत चाललाय. पाऊल लांबतंय. त्यात माझ्या व्यायामाचा काही संबंध नव्हता. त्याचं बोट धरून चालणारं जे काही होतं ते वाढत होतं.

त्या दिवशी मी लवकर घरी आले आणि गॅलरीत उभी राहिले. दादा कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन येत होता. ताठ, मोकळा, ऐटबाज. कुणालाही दाखवा, निरोगी माणूस म्हणेल. फक्त डावा हात हलत नव्हता. फुटपाथवर समोरून माणसं येत होती आणि बाजूला होत होती. एका माणसाला जागा देतात तेवढी नाही. दोघांना देतात तेवढी.

वहिनी स्वयंपाकघरात होती तेव्हा मी त्याला हळूच विचारलं, "दादा, हे सुरू व्हायच्या आधी कुठं गेला होतास?"

त्यानं दुधाची पिशवी टेबलावर ठेवली.

"ती पाडायला काढलेली इमारत आहे ना... तिची लाइन तोडायला."

"मग?"

"वरच्या मजल्यावरून मीटर काढून उतरत होतो. जिन्यात मिट्ट काळोख. खिडक्या विटा लावून बुजवलेल्या. कुबट वास... ओल्या कपड्यांसारखा. आणि मागून पावलं यायला लागली. लहान. अनवाणी. मला वाटलं, राहिलं असेल कुणाचं पोर वरती. मी म्हटलं, बाळ, पडशील, बोट धर माझं."

"आणि?"

"धरलं त्यानं. गार होता हात." तो जरासा हसला. "खाली दारात आलो, उजेडात. बघतो तर कुणीच नाही. म्हटलं भास झाला."

"बोट सुटलं होतं का दादा?"

त्यानं स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि तो हात पाठीमागे नेला. लहान मुलं खाऊ लपवतात तसा.

"मी तर सोडलं होतं," तो म्हणाला.

मी हादरले होते, पण एक वेडी आशाही होती. म्हटलं, आता ते त्याच्याएवढं झालंय. मोठं झालेलं कोण कुणाचं बोट धरून राहतं? सोडेल आपोआप. वहिनीला मी काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनी मला म्हणाली, "वन्सं, हे आजकाल चालतात कसे बघितलंत? मला मेलीला हसू येतं. पळतात हो नुसते."

मी बघितलं. दादाची पावलं पुन्हा आखूड झाली होती, पण आता घाईची, दुडकी. अंग पुढं झुकलेलं. आणि डावा हात वर चाललेला. आधी छातीपर्यंत, मग खांद्याच्या वर, मनगट सैल, तळवा कशात तरी गच्च अडकल्यासारखा. बाजारातून घाईनं निघालेल्या आईबापामागे पोर कसं ओढलं जातं, तसा माझा सहा फुटी भाऊ रस्त्यानं चालत होता. मुलं हसायची. तो मान वर करून डावीकडे बघायचा आणि पावलं आणखी भरभर टाकायचा.

आता कोण कुणाला नेत होतं ते सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

आम्ही त्याला बाहेर सोडणं बंद केलं. मग तो घरातल्या घरात चालू लागला. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भिंतीपाशी पोचला की काही क्षण तिथंच उभा राहायचा, पलीकडे जायचं असल्यासारखा. एकदा मी त्याचा उजवा हात धरून ठेवला तर तो कळवळला. मला म्हणाला, "सोड ना गं... तो थांबत नाही."

"कोण, दादा?"

"अजून किती लांब आहे, विचारलं मी. सांगतच नाही."

त्याचा आवाज, सर. बारीक झाला होता.

मग टाचा उचलल्या गेल्या. तुम्ही म्हणाल, पोटरीचे स्नायू आखडले असतील. मलाही तेच वाटलं आणि मी अक्षरशः देवाचे आभार मानले, कारण त्यावर माझ्याकडे इलाज होता. मी त्याला झोपवून पोटरी तपासली. लोण्यासारखी मऊ. पाऊल हवं तितकं वर वळत होतं. त्याच्या टाचा त्याचे स्नायू उचलत नव्हते. उभा राहिला की डावा खांदा कानाला लागायचा, बरगड्या ताणल्या जायच्या आणि पायाची बोटं तेवढी फरशीला टेकायची. वहिनी हसायची थांबली. मी विभागातून वाळूची वजनं आणली आणि त्याच्या दोन्ही घोट्यांना बांधली. आधी हलकी, मग जड, मग होती नव्हती तेवढी सगळी. वजनं बांधलेला माणूस पाय ओढत चालतो. दादा चालताना त्या पिशव्या फरशीला फक्त घासायच्या. रात्रंदिवस आम्ही दोघी तो आवाज ऐकत असायचो, आणि ऐकू येतोय तोवर बरं वाटायचं.

मी तुम्हाला फोन केला तो आज सकाळी. पहाटे जरा डोळा लागला आमचा दोघींचा. जाग आली तेव्हा घासल्याचा आवाज नव्हता. मी धावत आत गेले. दादा पलंगावर बसलेला होता, शांत, गाल जरासे लाल, झोपेतून उठलेल्या मुलासारखा. घराचं दार बंद, कडी आतून. वजनं त्याच्या पायांत नव्हती. ती उशाशी नीट मांडून ठेवली होती, पट्टे गुंडाळून. सर, दादाला वाकून ते पट्टे सोडवता येत नाहीत. त्याचा डावा हात खाली येतच नाही.

पण तो आज खाली होता. दोन्ही हात खाली होते. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "सुटलं का रे दादा? गेलं?"

त्यानं मान हलवली. नाही.

"पाय फार दुखायला लागले होते गं," तो म्हणाला. "म्हणून त्यानं कडेवर घेतलं."

वहिनी त्याच्या मागे बसून फणीनं त्याचे केस सारखे करत होती, आपण काही ऐकलंच नाही अशी. फणीला करडी जळमटं येत होती. ती काढून टाकायची, पुन्हा फणी फिरवायची, पुन्हा यायची. मी वर पाहिलं. हे जुनं घर, छत उंच आहे, झाडूला काठी बांधल्याशिवाय तिथं पोचता येत नाही. पलंगाच्या बरोब्बर वर, डोकं घासत न्यावं तशी जळमटं निघून छताला एक स्वच्छ पट्टा पडला होता. तो खिडकीपर्यंत गेला होता आणि तिथून परत आला होता.

खिडकीला गज आहेत, सर. आत्ता आहेत. दुपारी वहिनीनं मला बोलावून दाखवलं, त्यातले मधले दोन बाहेरच्या बाजूला वाकलेत.