सर्जेरावने सीटला तेल लावलं

माझ्या सायकलची सीट अखेर घसरायची थांबली. पण ही गोष्ट घडलेलीच नाही, त्यामुळे तुम्हीही ती वाचलेली नाही. आपण सीट घसरत होती तिथूनच सुरुवात करू.

मी मृण्मयी. नावाचा अर्थ मातीची, आणि राहते चंद्रावरच्या वसाहतीत, जिथे घरात माती आणायला बंदी आहे. आमची सायकल कुठेही जात नाही, ती जमिनीला ठोकलेली आहे. पेडल मारलं की वीज तयार होते आणि तिच्यावर आमच्या वर्गाच्या मेथीचे दिवे लागतात. मेथी तळघरात आहे, तिला दुसरा सूर्य नाही. या आठवड्यात सूर्य मी होते.

पण सीट दर दोन मिनिटांनी खाली जायची. मग गुडघे हनुवटीला लागायचे, पायांत जोर येईना, दिवे मंदावायचे. चौथ्या दिवशी मेथीने मान टाकली. मीही टाकली, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

कोडं असं होतं: चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढणारं बल) पृथ्वीच्या एक षष्ठांश. पृथ्वीवर छत्तीस किलो भरणारी मी इथे काट्यावर जेमतेम सहा किलो भरते. सहा किलोच्या मुलीला घाबरून सीट खाली का बसते?

आमच्या सर्जेराव नावाच्या यंत्रमानवाने बोल्ट आवळला. पुन्हा आवळला. मग म्हणाला, “ताई, आता एक फेरा दिला तर आटे जातील.” नवा बोल्ट पुढच्या यानाने, म्हणजे चार महिन्यांनी. मेथीकडे चार दिवसही नव्हते.

शेवटी आजोबांना बोलावलं. आजोबा चंद्रावरच्या दगडांचे शास्त्रज्ञ आहेत आणि माणसांचं दगडांनंतर ऐकतात. त्यांनी सीटच्या नळीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

“सर्जेराव, खंडेनवमीला काय केलंस?”

सर्जेरावने अभिमानाने सांगितलं. हत्यारांची पूजा करायला सांगितलं होतं, म्हणून त्याने पाना, पक्कड आणि सगळी सायकल सुटी करून घासली, चकचकीत केली, तेल लावलं. उरलेलं तेल जिन्याच्या कठड्याला. फुलं नव्हती, म्हणून सायकलला मेथीची जुडी वाहिली.

मी उरलेल्या जुड्या मनात मोजल्या.

“सीटला कोण धरून ठेवतं?” आजोबांनी विचारलं.

“बोल्ट.”

“बोल्ट नुसता दाबतो गं. धरतं ते घर्षण.” घर्षण (एकमेकांवर टेकलेल्या दोन वस्तू सरकताना होणारा अडथळा) दोन गोष्टींवर ठरतं: वस्तू किती जोराने दाबल्या आहेत, आणि त्यांचे पृष्ठभाग कसे आहेत. कोरडे तळहात दाबून चोळले तर ते अडतात, तेल लावून चोळले तर सटकतात. आमचा दाब वाढवून संपला होता. उरले पृष्ठभाग.

नळी साबणाने धुतली, पुसली. आता सीट वीस मिनिटांनी घसरू लागली. सर्जेरावने नळी आरशासारखी केली होती, तिला धरायला जागाच नव्हती. मेथीचे दिवे पुन्हा मंदावले. मी खाली बसले आणि आजोबांच्या बुटांकडे बघत राहिले, कारण वर बघवत नव्हतं.

आजोबाही बुटांकडेच बघत होते. तळाच्या खाचेत बाहेरची राखाडी धूळ अडकली होती. पृथ्वीवर वारा आणि पाणी वाळूचे कण घासून गोलसर करतात. चंद्रावर दोन्ही नाहीत, म्हणून इथल्या धुळीचे कण फुटलेल्या काचेसारखे टोकदार राहतात. ते श्वासात जातात, यंत्रं बिघडवतात, म्हणून बंदी. पण सीटची नळी आणि ती जिच्यात बसते ती सायकलची नळी यांच्यामध्ये सापडले तर दोघींनाही चावून धरतात.

हातमोजे घालून आजोबांनी चिमूटभर धूळ थेंबभर पाण्यात कालवली, म्हणजे ती उडणार नाही. नळीला लावली. सर्जेरावने बोल्ट होता तितकाच आवळला.

धुळीला बंदी आहे, त्यामुळे पुढे काय झालं ते घडलेलं नाही. मेथीची मात्र सकाळी दोन पानं उभी दिसली.

सोबत अर्ज जोडला आहे.

प्रति, मा. वसाहत व्यवस्थापक. विषय: चिमूटभर धुळीबाबत. महोदय, सदर धूळ ही धूळ नसून सायकलचा सुटा भाग असल्याचे जाहीर करावे, तसेच यंदाची खंडेनवमी रद्द करून ती तेलाविना पुन्हा पार पाडण्यास मंजुरी द्यावी व वाहिलेली जुडी मेथीस परत करावी, ही नम्र विनंती.