पाक जरा जास्तच आटला

लातूरच्या कृषी प्रदर्शनात रुद्रेश गीतांजलीच्या टेबलाशी आला तो चुकूनच. त्याला बघायच्या होत्या ठिबकच्या नळ्या. पण गर्दीनं ढकललं, आणि समोर ताटभर रंगीत कागदांतल्या गोळ्या... आणि ताटामागं ती!

"कशाच्या हायत?" त्यानं विचारलं.

"पेरू, चिंच, जांभूळ, सीताफळ. घरीच करते. फोडायच्या न्हाईत, चघळायच्या."

"आमच्या आजोबांच्या वेळी लिमलेटची गोळी होती म्हणं. कडाकडा फोडायची. मग संत्र्याच्या फोडीवानी गोळी आली. मग आमच्या शाळेपुढं ते आंब्याचं मऊ चाकलेट—"

"इतिहास सांगून राहिले, का गोळी घेऊन राहिले?"

तो हसला, पण हटला नाही. 'चिंचेची चाखायची राहिली' म्हणत दिवसभर येत राहिला. पुढं त्याच्या मुखेडहून तिच्या निलंग्यालाही त्याची कामं निघू लागली. कसली कामं, ते त्यालाच ठाऊक! गीतांजली त्याला चिडवायची, आणि तो यायच्या दिवशी केस जरा निगुतीनं विंचरायची. जीव जडला होता हो, दुसरं काय?

शेवटी रुद्रेश मामांना घेऊन रीतसर बघायला आला. तिचे वडील शेषेराव आधीच बजावून बसले होते, "पोरानं चार लोकांत तोंडानं 'हाव, पसंद हाय' म्हणलं तर ठीक. न्हाईतर उदगीरच्या स्थळाला मी शब्द देतो."

त्या सकाळी पेरूचा गर आटवताना गीतांजलीचं ध्यान कुठं होतं, देव जाणे. पाक जरा जास्तच आटला. पोह्यांसोबत त्याच गोळ्या बाहेर गेल्या, आणि रुद्रेशनं कौतुकानं दोन एकदम तोंडात टाकल्या.

"मग पाहुणे, पोरगी पसंद हाय का?" शेषेरावांनी विचारलं.

रुद्रेश बोलायला गेला, तर तोंड उघडेचना! वरचे दात खालच्या दातांना असे चिकटले की बस्स. "म्म्... म्म्..." डोळ्यांत पाणी आलं. जबडा सोडवायला त्यानं मान आडवी हलवली, आणि मामांनी भलताच अर्थ काढला.

"कळवतो आम्ही," म्हणत मामा उठले.

कळवतो! बघण्याच्या कार्यक्रमात 'कळवतो' म्हणजे काय, हे का कुणाला सांगायला पाहिजे? शेषेरावांचा चेहरा उतरला. मामा चपला शोधू लागले. खाली मान घालून बसलेल्या गीतांजलीनं वर बघितलं, तर रुद्रेश रडवेला होऊन फुगलेल्या गालाकडं बोट दाखवून राहिलेला.

"थांबा मामा!" ती ताडकन उठली. "त्यांना पसंद हाय. दात चिकटलेत त्यांचे!"

मामा दारातूनच मागं वळले.

"आन् तुला गं कसं ठावं, त्याला पसंद हाय ते?" शेषेरावांनी भुवया चढवल्या.

आता आली का पंचाईत! तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पण गप्प बसलं तर उदगीर...

"ठावं हाय मला," ती हळूच म्हणाली. "कारण... मला बी ते पसंद हायेत. लई दिवसांपासून."

मामा तोंडावर उपरणं धरून हसू लागले. शेषेरावांनी लेकीकडं बघितलं, मग जावयाकडं, आणि स्वतः उठून कोमट पाणी आणलं. रुद्रेशनं घोटावर घोट घेतले, कसाबसा जबडा सोडवला, आणि शेजारपाजारचे दारात यावेत एवढ्या मोठ्यानं ओरडला,

"हाव!"