आतली कडी

"साथ में जेन्ट्स कौन है?"

नेरडीगोंड्याच्या हायवेवरच्या त्या लॉजमधला माणूस माझ्याकडे न बघताच विचारत होता. मी कडेवरच्या हर्षूला जरा वर सरकवलं.

"ही आहे," मी म्हटलं. "तीन वर्षांची आहे, पण आवाज मोठा आहे."

त्याला हसू आलं नाही. लेडीज एकटी असेल तर खोली देत नाही, भावाला नाहीतर वडिलांना फोन लावा, म्हणाला. मी फोन लावला नाही. बॅग उचलली आणि पायऱ्या उतरले. तेवढ्यात कोणीतरी हसलं.

चहाच्या टपरीशी रिकामा ट्रॅक्टर उभा होता आणि त्याला टेकून एक माणूस. केसांत, भुवयांवर, अगदी पापण्यांवरसुद्धा कापसाचे तंतू अडकलेले.

"हसायला काय झालं?"

"नाई… जेन्ट्स म्हणून लेकराले पुढं केलं तुमी. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालतं." मग हर्षूकडे बघून एकदम गंभीर होत म्हणाला, "दूध पिते का हे? गाईचं चालते का म्हशीचं लागते?"

मी थबकले. सकाळपासून जिथे गेले तिथे सगळ्यांनी माझ्या नवऱ्याची चौकशी केली होती. पोरीच्या दुधाची करणारा हा पहिलाच.

मी आदिलाबादची. अण्णांचं तिथे किराणा दुकान आहे. घटस्फोटानंतर हर्षूला घेऊन परत आले, तेव्हापासून दुकानात साखर जोखत होते, आणि मग सुनयना मॅडमनी मला काम दिलं. त्यांची हैदराबादला कंपनी आहे. धबधबे, जंगल, डोंगर… जिथे बाया एकट्यानं जायला कचरतात तिथे त्या बायांना नेतात. बायांनी राहायचं कुठे, ते मी शोधायचं. "हॉटेल शोधू नकोस, दामिनी, जागा शोध," मॅडम सांगायच्या. "घरी गेल्यावरसुद्धा त्या खोलीचा वास आठवला पाहिजे."

कुंटाला धबधब्याजवळची जागा ही माझी एकटीची पहिली निवड असणार होती. रविवारपर्यंत सापडली नाही, तर पोहण्याचा तलाव असलेलं एक नेहमीचं रिसॉर्ट होतंच, आणि मग माझी गरजही नव्हती. त्याच रविवारी घरी एक स्थळ मला बघायला येणार होतं. माणूस बरा होता म्हणे. अट एवढीच, की पोरगी आजी-आजोबांकडे ठेवायची.

हे सगळं काही मी त्या कापूसवाल्याला सांगितलं नाही. फक्त जागा शोधतेय म्हटलं. तो कान खाजवत राहिला.

"खोली हाय एक… आमच्या वावरात. पण पाटी नाई लावली अजून."

"मग तर बघायलाच पाहिजे."

रिकाम्या ट्रॉलीत कापसाचे चुकार पुंजके उरले होते. हर्षू ते गोळा करून माझ्या डोक्यावर ठेवत होती. ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडत मी त्याचं नाव विचारलं. राजकुमार, म्हणाला. मला हसू आवरेना.

"आईनं ठेवलं," तो मागे न वळता म्हणाला. "राज्य द्याचं राहून गेलं."

खोली म्हणजे त्यांची जुनी कापसाची कोठी. दगडी भिंती, वर कवेलूचं छप्पर. कापूस आता वेचला की थेट बाजारात जातो, म्हणून कोठी रिकामी पडली होती. त्यानं उताराच्या बाजूला खिडकी फोडली होती. दोरांना टांगलेली बाज झोपाळ्यासारखी हलत होती, तिच्यावर घरच्याच कापसाची गादी. भिंतींना अजून सरकीचा तो कोमट, कोरडा वास होता. वारा फिरला की लांबून धबधबा ऐकू यायचा, नाहीतर नुसती शांतता.

जागा निवडायची माझी एक रीत आहे. आधी हर्षूला मोकळं सोडायचं. ती धावत बाजेवर चढली आणि उतरायलाच तयार होईना. मग मी आडवी होऊन बघते. छान वाटलं… इतकं छान, की उठणं जिवावर आलं. शेवटी दार लावून बघायचं.

दार सुंदर होतं. सागाचं, वर मोर कोरलेला. बाहेरून भक्कम लोखंडी कडी. आतून काहीच नाही.

"आतली कडी कुठे आहे?"

राजकुमार दाराकडे असा बघायला लागला, जसं ते त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. "कापसाले आतून कडी कायले लागते?"

आम्ही दोघंही हसलो. मग मी हसायची थांबले.

त्याच्या ते लक्षात आलं. बाहेर बाज टाकून मी राखणीला झोपतो, म्हणाला. त्याची आई, बयनाबाई, चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मी निजतो तुह्यासंग, बाई."

"मला राखण नको," मी म्हटलं. "कडी पाहिजे."

बयनाबाईचा चेहरा उतरला. "आमच्यावर भरोसा नाई का? या घरात आजवर पाहुणीनं आतून दार नाई लावलं. लोक काय म्हणतीन… बयनाबाईच्या घरी बाईमाणूस भेते?"

राजकुमारही ताठरला. ते दार त्याच्या वडिलांनी निर्मल गावच्या कारागिराकडून करून आणलं होतं. वडील गेले, दार राहिलं. त्याला भोकं पाडणार नाही, म्हणाला.

त्या रात्री मी बयनाबाईच्या घरातच झोपले. सकाळी मॅडमचा फोन आला. मी पाठवलेले फोटो बघून त्या हरखून गेल्या होत्या. हीच जागा, लगेच हो म्हण, कडीचं नंतर बघू.

मी अंगणात उभी होते. थंडीनं शब्दांची वाफ होत होती. "नाही मॅडम. कडी नाही, तर जागा नाही."

मग रिसॉर्टच घ्यावं लागेल, त्या म्हणाल्या. दामिनी, हट्ट करू नकोस.

"घ्या रिसॉर्ट. पण ते मी निवडलं असं म्हणू नका."

फोन ठेवला, तर राजकुमार कापूस पसरता पसरता थांबलेला. "एवढ्याशा कडीसाठी," तो हळूच म्हणाला. "काऊन?"

मला सांगायचं नव्हतं. पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"सासरी माझ्या खोलीला कडी होती. एकदा भांडण झालं आणि मी आतून लावून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उपटून काढली. लाकडात भोकं उरली. नंतर रोज मी त्या भोकांकडे बघत झोपायचे. आणि सगळे म्हणायचे, आपल्याच घरात कडी कशाला, भरवसा नाही का?" मी त्याच्याकडे बघितलं. "भरवसा आहे तिथेसुद्धा कडी पाहिजे. तेव्हाच दार मनापासून उघडता येतं."

त्यानं हातातला कापूस खाली ठेवला, मोटरसायकल काढली आणि गेला.

रागावला असणार. मी बॅग भरली. बयनाबाई भाकर थापत होती. थापता थापता, तव्याकडेच बघत म्हणाली, "माह्या खोलीलेबी कडी नवती, बाई. मी कधी मागितलीच नाई." मग उठून पिठाच्या हातानंच माझी बॅग आत ठेवली. "जेवून जाय."

भाकर ताटात पडायच्या आत कोठीकडून ठोकल्याचा आवाज आला. हर्षू पुढे, मी मागे. राजकुमार दारापुढे गुडघे टेकून बसला होता, भुवयांवर आता कापसाऐवजी भुसा. पितळी कडीचा शेवटचा स्क्रू आवळत होता.

"वडिलांच्या दाराला भोकं?"

"आईनं मागितली असती, तं बाबानंबी बसवली असती," तो म्हणाला. "असं मले वाटते."

मी कडीकडे बघितलं. "जरा उंच नाही का झाली?"

"लेकराचा हात पोचाले नाई पाहिजे. आतून कोंडून घेईन." पेचकस खाली ठेवत तो पुढे म्हणाला, "तुमचा पोचते. खांद्याच्या रेषेत हाय."

मी हात नेला. तंतोतंत खांद्याच्या रेषेत.

"माप कधी घेतलं?"

"काल तुमी दारात उभ्या होत्या ना… मांगून उजेड येत होता." त्याचे कान लाल झाले. "तवा पाहून राह्यलो होतो."

"पाहुणीला असं पाहतात?"

"पाहुणी म्हणून नवतो पाहत."

लांबून धबधब्याचा आवाज आला आणि गेला. मला अजून एक विचारायचं होतं. वेचणीला आलेल्या बायांपासून पोराटोरांपर्यंत सगळे मला ताई म्हणत होते. हा एकटाच असा, की कोणत्याच नात्यानं हाक मारायचा नाही. का, ते विचारलं.

"एकदा ताई म्हटलं," तो म्हणाला, "का मंग वापस घेता येत नाई."

मी हर्षूला घेऊन आत गेले. दार लोटलं. कडी सरकवली – मऊ, तेल दिलेली, नुसता एक 'टिक'. कडीचा फोटो काढला, फक्त कडीचा, आणि मॅडमना पाठवला. मग अण्णांचा फोन आला. रविवारी ते लोक नक्की येत आहेत, आजच निघ. आणि कुठे आहेस तू? तिथे सोबत कोण आहे?

"मी आहे, अण्णा," मी म्हटलं. "आणि हर्षू. त्या लोकांना येऊ नका म्हणून कळवा. माझी पोरगी जिथे नाही, तिथे मी नाही."

पलीकडे बराच वेळ दुकानातला तराजू वाजत राहिला. मग अण्णा म्हणाले, "दूध तरी मिळतं का तिथे पोरीला?"

"गाईचं," मी म्हटलं, आणि डोळे भरून आले.

भर दुपारी, उन्हाचा पट्टा पायांवर घेऊन मी झोपले. दाराकडे न बघता. अर्धवट झोपेत बयनाबाईचा आवाज आला, "उठव तिले, भाकर थंडी होऊन राह्यली." आणि त्याचा, "दार तिचं हाय, आई. मी नाई वाजवत."

जागी झाले तेव्हा ऊन कलंडलं होतं. मॅडमचा निरोप होता: हीच जागा. आणि यापुढे सगळीकडे आधी कडी बघ.

मी कडी काढली. राजकुमार अंगणाच्या पार टोकाला, कापसाच्या ढिगाशी, कोठीकडे मुद्दाम पाठ करून बसला होता.

"राजकुमार."

पुढे दादा नाही, मागे काही नाही. तो वळला. उठला, केसांतला कापूस झटकायचा प्रयत्न केला, तो आणखीच पसरला. उंबऱ्यापाशी येऊन थांबला. दार सताड उघडं होतं, तरी थांबला.

"आत येऊ का…" त्यानं श्वास घेतला. "दामिनी?"

बाजेवरून हर्षूनं मोठ्यानं हो म्हटलं. मी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"विचारलंस ना," मी म्हटलं, "म्हणून ये."