सड्यावरचा डबा

उदयसिंह आणि निशिगंधा यांची पहिली भेट सिमेंटच्या पाईपात झाली. शिरोली एमआयडीसीच्या मागं, ओढ्याकाठी, त्यानं पाईपात खांद्यापर्यंत हात घातला... आणि आतून कुणीतरी तो घट्ट धरला. तो किंचाळला. पलीकडच्या तोंडाशी एक मुलगी किंचाळली. हात मात्र लगेच कुणीच सोडला नाही.

दोघंही एकच डबा शोधत होती. खेळच तसा आहे. कुणीतरी डबा लपवतं, जागेचे आकडे मोबाईलवर टाकतं. बाकीच्यांनी तो हुडकून आतल्या वहीत सही करायची. शहाण्या माणसांनी रविवारी हे का करावं, हे त्यांच्या आईवडिलांनाही कळलेलं नाही.

दसऱ्याला उदयसिंहानं राधानगरीच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, स्वतःचा डबा लपवला. आत वही, पेन्सिल आणि निशिगंधासाठी एक चिठ्ठी. फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहणारा हा गडी तिच्यासमोर बोलायचं म्हटलं की वितळायचा. ती ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणत राहिली आणि चैत्र उजाडला. सोबत सांगलीचं एक स्थळही आलं. शेवटी आज दोघं सड्यावर आली, आणि आजच संध्याकाळी तिचे वडील होकार कळवणार होते.

चैत्रात सडा म्हणजे कातळाचं वाळवंट. भर बाराची वेळ, सावल्या पायाखाली शिरलेल्या. वारा नाही, टिटवी नाही. आपल्याच पावलांचा आवाज जरा उशिरा ऐकू येत होता. डबे हुडकणाऱ्या ग्रुपचा म्होरक्या बाळासो चौघांना घेऊन दुसऱ्या डब्याकडं गेला होता. त्यासाठी उदयसिंहानं त्याला दोनदा भेळ चारली होती.

“आणि किती?” निशिगंधानं विचारलं.

“बारा मीटर.”

“मघाशी पण बाराच होतं की.”

“...व्हय.”

मग दगडांची रास दिसली. तिच्या कोनाड्यात त्याचा डबा होता. अंगठाभर शेंदूर थापलेला, आणि शेंदरात चांदीचे दोन डोळे. ते सरळ त्याच्याकडंच बघत होते. हा डबा त्यानं स्वतः लक्ष्मीपुरीतून, झाकण तपासून आणला होता. तरी त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“चपला काढा, पावणं!”

दोघं दचकली. मागं एक म्हातारी उभी. कधी आली, कळलंच नाही. खालच्या वाडीची शालूबाई.

“कवा परगटला म्हाईत न्हाय,” ती म्हणाली. “पर लई कडक हाय.”

“मावशी, ह्यो माझा डबा हाय.”

“समदी असंच म्हणत्यात. देव सगळ्यांचाच असतोय.”

“जरा उघडून—”

“देवाचं प्वाट फाडतोस व्हय रं? कौल लाव आधी. उजवं फूल पडलं तर उघड. डावं पडलं तर न्हाय.”

तिनं पाण्यात भिजवून दोन फुलं शेंदरावर चिकटवली. कुणी श्वास घेईना. डब्यात काहीतरी टक वाजलं. पेन्सिल असेल, उदयसिंहानं स्वतःला समजावलं. पेन्सिल आपण होऊन हलत नाही, हेही त्यानंच समजावलं.

पानही हलत नव्हतं. डावं फूल पडलं.

“आत काय हाय एवढं?” निशिगंधानं हळूच विचारलं.

“वही... पेन्सिल... चिठ्ठी.”

“कुणाला?”

त्यानं चांदीच्या डोळ्यांकडं बघितलं. “तुला.”

“काय लिवलंयस?”

“ते तू वाचल्यावर—”

“वाचायला तुझा देव देतोय व्हय? संध्याकाळी आबा फोन करणार हायत, उदय. तोंड हाय न्हवं? सांग.”

“...सांगलीला जाऊ नकोस.”

“एवढंच?”

“माझ्याशी... लगीन कर.”

“हे पहिल्या ओळीत लिवलंस का शेवटच्या?”

त्यानं खिशातून रुमाल काढला. मग म्हणाला, “तीन पानं झाली. हे लिवायचंच राहिलं.”

निशिगंधा हसली — त्या रखरखाटात तेवढाच आवाज. डब्याकडं बघून म्हणाली, “बरं झालं देवा, न्हाय म्हणालास.” आणि तिनं फोन लावला.

“आबा, सांगलीकरांना नको म्हणून कळवा... व्हय, कारण हाय. शेजारीच उभं हाय. घाम पुसतंय.”

निघताना शालूबाईनं दटावलं, “ह्या देवाला पाठ दावायची न्हाय. नजरंआड हुईपातूर उलट्या पावलांनी जावा.”

दोघं खांद्याला खांदा लावून मागं-मागं चालू लागली. चांदीचे डोळे बघत राहिले.

पलीकडून येणाऱ्या बाळासोनं बघितलं. भर बाराला, मोकळ्या सड्यावर, पाठमोरी दोन माणसं... आणि ती लांब जायच्या ऐवजी जवळ येत होती. तो चौघांना तिथंच सोडून पळाला.

“कुणीतरी वरडलं का रे?” निशिगंधा पुटपुटली.

“वळू नकोस,” उदयसिंह म्हणाला. “चाल.”